गादीवरचे श्रेयांक

माणूस नुसता दुकानाची पायरी चढताना पाहिला, की तो कोणत्या कुशीवर झोपतो ते मी सांगतो!

हसू नका. डाव्या कुशीवर झोपणाऱ्याचा डावा खांदा जरा आखडलेला असतो. पालथा झोपणारा माणूस मान एकीकडे वळवून बोलतो. उताणा झोपणारा स्वतः अगदी निवांत असतो. त्याच्या घोरण्यानं जागून जागून पिचलेली बायको त्याच्यामागून येते आणि गादी तीच पसंत करते. हे ज्ञान मला कुठल्या पुस्तकातून मिळालेलं नाही. गाद्यांच्या दुकानात उभं आयुष्य काढलं तेव्हा मिळालं. 'उभं' हा शब्द अगदी शब्दशः घ्या, कारण आमच्या दुकानात खुर्ची नाही! मालकांचं म्हणणं असं, की खुर्ची ठेवली की गिऱ्हाईक खुर्चीवर बसतं. नाही ठेवली की दमून गादीवर टेकतं. एकदा टेकलं की आडवं होतं. आणि आडवं झालं की पुढचं काम माझं.

ते काम म्हणजे काय, तर गप्प बसणं. बाकीचे विक्रेते गिऱ्हाईकाच्या कानाशी स्प्रिंगा मोजतात. मी आवाज हळूहळू उतरवत आणतो, दिवा मंद करतो, पंखा एकावर ठेवतो आणि पायांवर एक हलकी चादर टाकतो. गिऱ्हाईकाला डुलकी लागली की गादी खपली म्हणून समजा! मालकांचे याबाबतीत दोन कडक नियम आहेत. झोपलेल्या गिऱ्हाईकाला कोणीही, कोणत्याही कारणासाठी उठवायचं नाही, हा पहिला. डोळा लागला रे लागला की गादीच्या कोपऱ्याला 'विकली' असं लिहिलेली तांबडी पट्टी बांधायची, हा दुसरा. झोपेतून ताजातवाना उठलेला माणूस ती पट्टी बघतो आणि मुकाट्यानं पाकीट काढतो. इतक्या वर्षांत कोणी वाद घातलेला नाही.

तर एवढा ज्ञानी माणूस मी, पण पदवी नाही. कॉलेज मी पहिल्याच वर्षी सोडलं. कॉलेजनंही राहा म्हणून फारसा आग्रह केला नाही. घरी पाहुणे आले की मी मांडीवर थाप मारून सांगायचो, "कॉलेजात काय शिकवतात हो? खरं शिक्षण दुकानात!" पाहुणे माना डोलवायचे. आमची मुलगी कोपऱ्यात बसून ऐकायची. ती इतकं मन लावून ऐकते आहे हे मला ठाऊक असतं, तर मी तोंडाला कुलूपच घातलं असतं!

कारण एक दिवस जेवता जेवता ती म्हणाली, "बाबा, मी कॉलेज सोडते आहे."

"काय?"

"मोबाइलच्या दुकानात नोकरी मिळते आहे मला. कॉलेजात काय शिकवतात? खरं शिक्षण दुकानात!" आणि तिनं मांडीवर थाप मारली. हुबेहूब माझ्यासारखी!

बायकोनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन करत नाही. लग्न झालेल्यांना ते सांगायला नको, आणि न झालेल्यांना उगीच घाबरवायला नको.

खरं सांगतो, मी दुकानात उभा राहिलो, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. ही पोरगी हुशार आहे. तिनं दुसऱ्या वर्षात कॉलेज टाकून काउंटरमागे उभं राहावं, असं मला मुळीच वाटत नव्हतं. पण हे तिला सांगणार कसं? माझीच थाप माझ्या तोंडावर बसली होती!

"अगं, पण शिक्षण..." मी चाचरलो.

"तू तरी कुठे शिकलास? तुझं काही अडलं का?"

"अडलं नाही, पण..."

"आणि बाबा, आता आमचं कॉलेजसुद्धा तुझ्याच बाजूनं आहे! कामाच्या अनुभवातून जे ज्ञान मिळतं, ते तपासून त्याचे श्रेयांक देणार आहेत म्हणे. मोठ्या माणसांसाठी नवीन योजना आहे. दुकानात शिकलेलं कॉलेजात धरणार! मग सरळ दुकानातच का शिकू नये?"

आणि इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. असा प्रकाश पडला की मी सावध होतो, पण त्या दिवशी झालो नाही.

"मग ठरलं!" मी ताट बाजूला सारलं. "मी घेतो हे श्रेयांक! कॉलेजनं माझ्या कामाला शिक्षण मानलं, तर तू कॉलेजला शिक्षण मानायचं. मुकाट्यानं पदवी पुरी करायची."

"आणि नाही मानलं तर?"

"तर तू खुशाल मोबाइल विक. मी एका शब्दानं बोलणार नाही!"

तिनं लगेच हात पुढे केला. मीही मिळवला. बायको कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो, मुलीचं शिक्षण पणाला लावलंत तुम्ही! तेसुद्धा गाद्यांवर!"

"काळजी करू नकोस," मी म्हणालो. "हे तर चालून आलेलं यश आहे!"

मी अर्ज केला. विषय निवडला 'विक्रीकला'. कॉलेजकडून निरोप आला, की एक प्राध्यापिका येऊन प्रत्यक्ष दुकानात माझं काम पाहतील आणि मग काय ते ठरवतील. झालं! मी मालकांकडे परवानगी मागायला गेलो.

"श्रेयांक म्हणजे काय रे?" मालकांनी विचारलं.

आता मी सरळ 'मार्क' म्हणायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं, "कामाचं श्रेय मोजून देतात, मालक."

मालकांचा चेहरा गंभीर झाला. "श्रेय? एकट्या तुला? आणि खुर्ची काढून टाकायची कल्पना कोणाची होती?"

"तुमची, मालक."

"मग? माझे श्रेयांक कुठे आहेत?"

तेवढ्यात आमचा टेम्पोवाला आत आला. गाद्या घरोघरी पोचवण्याचं काम त्याच्याकडे. त्याचं खरं नाव कोणाला आठवत नाही. उठता बसता तो सगळ्यांना "सावकाश, सावकाश" म्हणतो, म्हणून त्याचं नावच सावकाश पडलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गादी तुम्ही विकता हो, पण पोचवतं कोण? एकही ओरखडा न येऊ देता, एक धक्का न बसू देता? श्रेय वाटायचंच असेल तर मलाही द्या. त्या मॅडम येतील तेव्हा माझीपण परीक्षा होऊ दे!"

मी समजवायला गेलो, पण दोघंही ऐकेनात. शेवटी मी म्हटलं, बरं, तुम्हीही या, उभे राहा. यात काय बिघडणार आहे? असं मला त्या वेळी वाटलं!

परीक्षेच्या दिवशी मालक नवा शर्ट घालून आले. किमतीची चिठ्ठी कॉलरवर तशीच लोंबत होती. "आज नियमांत जराही चूक होता कामा नये!" त्यांनी बजावलं. सावकाशनं टेम्पो धुऊन पुसून लख्ख केला होता. मदतीला त्यानं आपल्या मेहुण्यालाही आणलं होतं. आणि मला पैज हरताना प्रत्यक्ष बघायला आमची मुलगीही येऊन बसली होती. बसली म्हणजे अर्थात गादीवर.

एवढ्यात तिनं काचेतून बाहेर पाहिलं आणि ताडकन उठली. "बाबा! या येताहेत त्या बाई कोण?"

"त्याच असणार. माझ्या परीक्षक."

"मेले! या आमच्या विक्रीकलेच्या मॅडम! मी वर्षभरात त्यांच्या तासाला पाऊलसुद्धा टाकलेलं नाही! मी इथे नाही, बाबा. मी जगात कुठेच नाही!" आणि उभ्या करून ठेवलेल्या गाद्यांच्या रांगेमागे ती दिसेनाशी झाली.

मॅडम आत आल्या. अंगानं किडकिडीत, डोळ्यांखाली काळं, खांद्यावर उत्तरपत्रिकांनी फुगलेली पिशवी. मला बघताक्षणीच कळलं: उजवी कूस, दोन उशा, कंबरेत कळ, आणि कित्येक दिवसांच्या झोपेची थकबाकी! अहो, सोन्यासारखं गिऱ्हाईक! असं गिऱ्हाईक बघून माझे हात शिवशिवतात.

"हे पाहा," मॅडम म्हणाल्या, "मी इथे तटस्थ निरीक्षक म्हणून आले आहे. तुम्ही मला गिऱ्हाईक समजून नेहमीसारखं काम करा. मी काही विकत घेणार नाही, आणि गादीवर आडवीही होणार नाही. मी फक्त बघणार आणि लिहिणार."

"अर्थातच," मी म्हणालो. "तुम्ही गुडघ्यांमध्ये उशी घेऊन झोपता, नाही का?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, पायरी चढताना कळलं! आणि हल्ली उशी असूनही झोप लागत नाही."

"परीक्षांचे दिवस आहेत," मॅडम हळूच म्हणाल्या. "पेपर तपासायचे असतात. त्यात आमचे हे घोरतात." मग त्यांना आपण तटस्थ असल्याचं आठवलं. "ते राहू दे! लिहायला खुर्ची मिळेल का?"

"खुर्ची नाही आमच्याकडे."

काउंटरमागून मालकांनी 'बघितलंत?' अशा अर्थानं भुवया उडवल्या.

"मग मी नुसती इथे टेकते. लिहायला बरं पडेल म्हणून."

"टेका ना."

मॅडम टेकल्या. मी आवाज थोडा उतरवला आणि पंखा एकावर आणला. पाठीला आधार हवा म्हणून त्यांनी एक उशी मागितली. मी दोन दिल्या. कंबर जरा सरळ करावी म्हणून त्यांनी पाय वर घेतले. खाली सुटलेल्या चपला मी जोडीनं नीट लावून ठेवल्या आणि दिवा मंद केला.

"आता मला... सांगा," मॅडम म्हणाल्या, "विक्री झाल्यानंतर... गिऱ्हाईकाशी... संबंध..." आणि पेन त्यांच्या हातातून अलगद निसटलं.

झोपल्या! इतक्या झटपट आजवर कोणी झोपलं नव्हतं! माझी छाती अभिमानानं भरून आली. मी चादर घातली, आणि हात सवयीनं आपोआप खिशात गेला. तांबडी पट्टी काढली, कोपऱ्याला बांधली: 'विकली'.

आणि मग माझं डोकं जागेवर आलं. अरे देवा! परीक्षकच झोपल्या, तर माझं काम पाहणार कोण? उठवावं तर इतक्या मेहनतीनं घडवलेला पुरावाच मोडणार. न उठवावं तर परीक्षाच झाली नाही! मी मालकांकडे बघून हातानं 'काय करू?' असं विचारलं. मालकांनी डोळे वटारून दोन बोटं दाखवली. दोन्ही नियम पाळ! गाद्यांच्या मागून मुलीचं डोकं बाहेर आलं. ती 'उठव! उठव!' अशा खुणा करत होती. मालक 'खबरदार!' अशा खुणा करत होते. मधे मी. कोणाच्याही तोंडून आवाज नाही!

अशा शांततेत शेजारच्या किल्लीवाल्यानं आपलं यंत्र सुरू केलं. करर्रर्र! मॅडमनी कूस बदलली. माझा जीव कासावीस झाला. निदान नीट झोप होऊन स्वतःहून प्रसन्न उठल्या, तर चार गुण तरी हाती लागतील! मी किल्लीवाल्याला थांबवायला बाहेर धावलो. दारात सावकाश आणि त्याचा मेहुणा समोर आले, पायांचा धपधप आवाज करत. मी ओठांवर बोट ठेवलं, मॅडमकडे हात केला, दोन्ही तळवे अलगद खाली-वर करून दाखवले आणि दबक्या आवाजात म्हणालो, "सावकाश!"

म्हणजे आवाज करू नका. हळू चाला. दुसरा काही अर्थ होतो का याचा? तुम्हीच सांगा!

किल्लीवाला काही केल्या ऐकेना. "एक किल्ली होऊ दे, मग थांबतो," म्हणाला. ती किल्ली एखाद्या किल्ल्याची असावी इतका वेळ लागला. शेवटी यंत्र थांबलं आणि मी पावलं न वाजवता परत आलो.

बघतो तर पलंग रिकामा! गादी नाही, चादर नाही, मॅडम नाहीत. खाली फक्त मॅडमच्या चपला, जोडीनं नीट लावून ठेवलेल्या.

"मालक!" मी ओरडलो. "मॅडम कुठे गेल्या?"

मालक काउंटरखाली वाकून आपल्या शर्टाची चिठ्ठी तोडत होते. त्यांनी मान वर केली. "झोपल्या आहेत ना? ओरडतोस काय!"

मी रस्त्याकडे पाहिलं. आमचा उघडा टेम्पो रस्त्याच्या टोकाला मुंगीच्या पावलांनी चालला होता. त्यात गादी. गादीवर चादर ओढून मॅडम. आणि गादीचा कोपरा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेली आमची मुलगी! मॅडम घरंगळू नयेत म्हणून बिचारीनं आपलं लपणं सोडून चालत्या टेम्पोत उडी मारली होती.

मी चपला उचलल्या आणि धावत सुटलो! बाईमाणसाच्या चपला दोन्ही हातांत घेऊन भर रस्त्यातून धावणाऱ्या माणसाबद्दल लोक काय समजतात, ते मला त्या दिवशी कळलं. एक म्हणाला, "पकडा!" दुसरा म्हणाला, "अहो, जाऊ द्या, मार खाऊन पळतोय." एका म्हातारबुवांनी तर मला पाणी देऊ केलं. सावकाश खरोखरच सावकाश चालवतो म्हणून, नाहीतर माझ्या पायांनी तो टेम्पो काही हाती लागला नसता.

चौकातल्या सिग्नलला टेम्पो थांबला. मी मागच्या बाजूला पोचलो तेव्हा मला इतका दम लागला होता की तोंडातून शब्द फुटेना. फळीला धरून मी वाकून उभा राहिलो. वरून बोलणं ऐकू येत होतं. मॅडम जाग्या झाल्या होत्या! भर चौकात, उन्हात, गादीवर ताठ बसून त्या आजूबाजूच्या गाड्यांकडे बघत होत्या.

"...बाबांना नापास करू नका, मॅडम!" आमची मुलगी काकुळतीनं सांगत होती. "टेम्पोत तुम्हाला त्यांनी नाही घातलं. त्यांना तर माहीतसुद्धा नाही! त्यांना कॉलेजची फार गरज आहे."

"कशाला?" मॅडम म्हणाल्या. "त्यांचं दुकान तर चांगलं चाललेलं दिसतं."

"चाललंय हो. पण त्यांना वाटतं, आपल्याला दुसरं काही येत नाही. पाहुण्यांसमोर मारे फुशारकी मारतात, पण आमच्या कॉलेजच्या दारावरून जाताना त्यांची मान खाली जाते. मला सोडायला येतात ना, तर कोपऱ्यावरच थांबतात, पुढे येत नाहीत. मी बघितलंय, मॅडम. माणूस बघून झोप ओळखतात ते! मला एवढंसं बरं नसलं तर माझ्या चालण्यावरून ओळखतात. असा माणूस कॉलेजात नको का? एकदा आत तरी येऊ दे त्यांना! आत आल्याशिवाय कसं कळणार, आपल्याला आणखी काय काय येऊ शकतं? नुसतं एकाच काउंटरमागे उभं राहून..."

आणि ती एकदम थांबली.

"थांबलीस का? बोल ना," मॅडम म्हणाल्या. "छान बोलते आहेस. कोणी शिकवलं हे तुला?"

"कोणी नाही. आत्ताच सुचलं."

"तू कितव्या वर्षाला आहेस?"

"दुसऱ्या." आवाज अगदी बारीक.

"विषय?"

"विक्रीकला."

"असं? मग मी तुला वर्गात कधीच कसं पाहिलं नाही?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. मी मात्र टेम्पोच्या फळीआड उभाच होतो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. घाम आला होता असं मी नंतर घरी सांगितलं. पण तुम्हाला खरं सांगतो, तो घाम नव्हता.

तेवढ्यात सावकाशनं पुढून खिडकीतून मान बाहेर काढली. "मॅडम, धक्का बसला का कुठे? मोकळेपणी सांगा हं! माझे श्रेयांक किती झाले?"

"अरे गाढवा!" मला एकदम आवाज फुटला. "मॅडमना घेऊन कुठे चाललास तू?"

"तुम्हीच म्हणालात ना, 'सावकाश', आणि हात केलात गादीकडे! गादीवर 'विकली' लिहिलेलं. वर मॅडम स्वतः झोपलेल्या. मला वाटलं, पोचवताना धक्का बसतो का ते मॅडम आडव्या होऊन बघणार. म्हणजे माझा पेपर सुरू झाला! मेहुण्याला म्हटलं, पाणीसुद्धा हलता कामा नये."

"आणि पोचवणार कुठे होतास?"

सावकाश जरा विचारात पडला. "ते मी उठल्यावर मॅडमनाच विचारणार होतो."

मी मॅडमच्या पायांशी चपला ठेवल्या. मॅडमनी त्या घातल्या, केस सारखे केले आणि मोठ्या दिमाखात टेम्पोतून उतरल्या.

"इतकी गाढ झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती," त्या म्हणाल्या. "पण अडचण अशी आहे, की मी काही पाहिलंच नाही. जे पाहिलं नाही त्याचे श्रेयांक मी देऊ कसे?"

"पुन्हा या, मॅडम," मी अजिजीनं म्हणालो.

"पुन्हा आले तर पुन्हा झोपेन हो!" मॅडम म्हणाल्या.

पुढचे काही दिवस घरात मोबाइलच्या दुकानाचं नाव कोणी काढलं नाही. कॉलेजचंही काढलं नाही. बायको आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघून भांडी जोरजोरात ठेवायची. मग एक दिवस मॅडम स्वतःच दुकानात आल्या. या वेळी पिशवी नव्हती आणि डोळ्यांखालचं काळंही जरा उतरलं होतं.

"विक्रीकलेत तुम्हाला श्रेयांक नाहीत," त्यांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. गादीला त्या हातसुद्धा लावत नव्हत्या. "कॉलेजच्या समितीसमोर मला सगळं सांगावं लागलं. तुम्ही गादी विकलीत, पण पैसे घेतले नाहीत. गिऱ्हाईकाचं नाव विचारलं नाही. पत्ता घेतला नाही. आणि गादीबरोबर गिऱ्हाईकही पाठवून दिलंत!"

माझा चेहरा पडला. आता पोरगी मोबाइल विकणार, आणि मी एका शब्दानं बोलायचं नाही असं कबूल करून बसलेला!

"पण," मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्या एका विषयात समितीनं तुम्हाला श्रेयांक दिले आहेत. बालसंगोपन."

"काय?" मी पलंगाचा कठडा धरला. "म्हणजे तुम्हाला झोपवलं, चादर घातली, त्याबद्दल?"

"छे हो! तेव्हा मी झोपले होते." मॅडम हसल्या. "हा पुरावा मी चांगले डोळे उघडे ठेवून पाहिला. टेम्पोत माझ्या शेजारी बसला होता."

मी उगीच एक उशी उचलली, झटकली, परत जागेवर ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा झटकली.

घरी गेलो तो छाती काढून! "मिळाले!" दारातूनच ओरडलो. "श्रेयांक मिळाले! बालसंगोपनात!"

बायकोच्या घशातून एक विचित्र आवाज आला, आणि ती हसायला लागली ती थांबेचना! "बालसंगोपन? आणि तुम्हाला? अगं, तुझा बाबा ना... एकदा तुला झोपवायला यांच्याकडे दिलं आणि मी बाहेर गेले. येऊन बघते तर हे ढाराढूर झोपलेले, आणि तू यांच्या पोटावर बसून यांना थोपटत होतीस!"

"आई, हे मॅडमना सांगायला हवं!" मुलगी हसून हसून जमिनीवर बसली.

"खबरदार!" मी म्हणालो. "मिळालेले परत घेतील! आणि तू हसतेस काय? पैज आठवते ना?"

"बाबा, पैज गाद्यांवर होती. बालसंगोपन म्हणजे काही गाद्या नव्हेत," ती डोळे पुसत म्हणाली. माझं काळीज लकलकलं. पण मग ती उठली, माझ्याजवळ आली आणि जरा हळू आवाजात म्हणाली, "जाते रे मी कॉलेजात. तसंही मॅडमनी मला पहिल्या बाकावर जागा ठेवली आहे. पण तूही यायचंस! टेम्पोत मी एवढं भाषण केलंय तुझ्यासाठी, ते काय फुकट घालवणार?"

असा मी पहिल्या वर्षाला बसलो. नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचा वर्ग असतो, तिथे. विक्रीकला आता मला अगदी पहिल्यापासून शिकायची आहे. मुलीनं एकच अट घातली: "कॉलेजात मला ओळख दाखवायची नाही. मी तुला ओळखत नाही, तू मला ओळखत नाहीस!" मी कबूल केलं. या वयात मुलांना लाज वाटते हो आईबापांची. चालायचंच!

पहिल्या दिवशी मी एकटाच फाटकातून आत शिरलो. मान वर ठेवायचं ठरवलं होतं. जिन्यापाशी ती मैत्रिणींच्या घोळक्यात उभी होती. मी लगेच दुसरीकडे बघायला लागलो.

"कोण गं ते काका?" एक मैत्रीण म्हणाली. "मघापासून भिंतीकडे बघत उभे आहेत."

"ज्युनिअर आहे," आमच्या मुलीनं शांतपणे सांगितलं. "पहिलाच दिवस आहे त्याचा. जरा घाबरलाय."

आणि मग अट स्वतःचीच असूनही ती सरळ माझ्याकडेच चालत आली. माझी कॉलर नीट केली. "पेन आहे ना? वर्ग वर, जिना चढून डावीकडे. कोणी काही विचारलं तर घाबरायचं नाही. येत नसेल तर येत नाही म्हणायचं. आणि तास संपला की इथेच थांब. एकटा कुठे जाऊ नकोस!"

मी शहाण्या मुलासारखी मान डोलावली, जिना चढलो आणि छाती पुढे काढून उजवीकडे वळलो.

"डावीकडे!" खालून तिची हाक आली. सगळा जिना, सगळा घोळका, सगळं कॉलेज माना वर करून बघायला लागलं, तरी ती हात हलवून हलवून ओरडतच होती. "डावीकडे, बाबा! अरे बाबा, डावीकडे!"